पाटीवर चीज, खोक्यावर पामतेल

दहावीचा निकाल लागला तेव्हा भाचीला विचारलं, काय हवं तुला? तिनं ड्रेस मागितला नाही, मोबाइल मागितला नाही. एसटी स्टँडच्या मागं नवीन इटालियन दुकान निघालंय, तिथं आजीला घेऊन जायचं, एवढंच म्हणाली. 'आजीला घेऊन' हे दोनदा म्हणाली. म्हणून त्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिघी गेलो. आईची पहिलीच वेळ आणि खरं सांगायचं तर माझीही. पुण्या-मुंबईला कधी लग्नात, कधी कुणाच्या घरी पिझ्झ्याचा तुकडा खाल्ला होता. पण आपल्याच तालुक्याच्या गावात, आपल्या पैशांनी, पाटी वाचून मागवलेला असा कधी खाल्ला नव्हता.

आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, दुधाच्या पट्ट्यात आहे. आईनं चाळीस वर्षं पहाटे चारला उठून धारा काढल्या. आता भाऊ नऊ गाई सांभाळतो.

दुकान छान होतं. पूर्वी तिथं झेरॉक्सचं दुकान होतं. आता आठ टेबलं, एसी, काउंटरमागं विजेची छोटी भट्टी आणि भिंतीभर पाटी. मार्गरिटा पिझ्झा ९९, चीज पास्ता १२९, चीज गार्लिक ब्रेड ७९, एक्स्ट्रा चीज ३०. शेजारच्या टेबलावर नर्सिंगच्या दोन मुली एका पिझ्झ्याचे चार तुकडे दोघींत वाटून घेत होत्या आणि तासभर बोलत बसल्या होत्या. त्यांना कुणी उठवलं नाही. एक बाई नवरा आणि लहान पोराबरोबर आली. तिनं चपला दाराबाहेर काढल्या. काउंटरवरचा मुलगा लगेच पुढं झाला, "ताई, चपला घालूनच या, इथं सगळे तसेच येतात." हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की त्या बाईला अवघडल्यासारखं वाटलं नाही. मला तो मुलगा तिथंच आवडला.

आमचं बिल झालं ३०७ रुपये. तिघींचं पोट भरलं. भाची खूश होती. आई सावकाश चावत होती. दुसरा तुकडा संपल्यावर तिनं बोटांचा वास घेतला आणि म्हणाली, "चांगलंय गं. पण ह्यात दूध कुठंय?"

मी म्हटलं, आई, वरचं सगळं दुधाचंच असतं, चीज म्हणतात त्याला. ती म्हणाली, "लोण्याचा हात दोनदा धुतला तरी वास राहतो. ह्याला वासच नाही. तेलाचा हात झालाय नुसता."

मी उठले आणि काउंटरवर जाऊन विचारलं. दुकान त्याच मुलाचं होतं. वय पंचविशीचं, डोक्यावर कर्ज. त्यानं जराही लपवलं नाही. फ्रीजरमधून खोकं काढून माझ्यासमोर ठेवलं. खोक्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत सगळं छापलेलं होतं. पामतेल, स्टार्च, थोडे दुधाचे घनपदार्थ, मीठ आणि पदार्थ एकजीव राहावा म्हणून घातलेली द्रव्यं. वर नाव होतं 'ॲनालॉग'. तो म्हणाला, "ताई, ह्या रेटला सगळे हेच वापरतात. खरं घातलं तर ९९ ला परवडत नाही."

खोकं खरं बोलत होतं. त्या मुलाच्या डोक्यावरची पाटी मात्र ठिकठिकाणी 'चीज' म्हणत होती. कारखान्यातून दुकानापर्यंत आलेली खरी माहिती काउंटरच्या आतच राहते. पैसे मोजून खाणाऱ्या माणसापर्यंत येताना शब्द बदलतो. मला बोलायचं आहे ते एवढ्याच जागेबद्दल.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. असं काही लिहिलं की दोन प्रकारची माणसं लगेच मान डोलावतात, आणि मी दोन्हींच्या बाजूची नाही. पहिली म्हणतात, कशाला हवीत ही परदेशी थेरं, भाकरी खा. भाकरी मी रोज खाते. पण आपल्या रश्श्यातली मिरची आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातून आले, पाव पोर्तुगीजांबरोबर आला, आणि आज मिसळ-पावाला कुणी परदेशी म्हणत नाही. इटलीतही टोमॅटो सोळाव्या शतकात बाहेरूनच आला. खाणं असंच फिरतं. दुसरी माणसं म्हणतात, ९९ रुपयांत अस्सल काय मिळणार, स्वस्त खायचं तर तोंड मिटून खावं. हे मला जास्त लागतं. स्वस्त खाणाऱ्याला काय खातोय ते कळण्याचा हक्क कमी असतो, असं कुठं लिहिलंय?

पिझ्झा मुळात गरिबांचाच. नेपल्सच्या गल्ल्यांत ज्यांच्या घरात धड चूलही नव्हती ती माणसं तो रस्त्यावर उभ्यानं खायची. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर उद्ध्वस्त झालेलं असताना तिथल्या बायका दारात कढई मांडून तळलेला पिझ्झा विकायच्या, आणि तो उधारीवर मिळायचा. आज खा, पैसे आठ दिवसांनी दे. नेपल्सच्या बोलीत त्याला नावच पडलं, 'ओज्जे अ ओत्तो', म्हणजे आज ते आठ. आपल्याकडच्या वाण्याच्या वहीसारखंच हे खातं. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची ही कला २०१७ साली युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तरी तिचं मूळ हे असं आहे. म्हणून तालुक्याच्या गावात ९९ रुपयांचं इटालियन दुकान निघालं तर ती आनंदाची गोष्ट आहे. नर्सिंगच्या त्या दोन मुलींना बसायला, बोलायला, कुणाची नजर न झेलता तास काढायला ते दुकान जागा देतं. आमच्या वयाच्या मुलींना गावात अशी जागा नव्हती. रसवंती होती, तीही उन्हाळ्यात, आणि तिथंही भाऊ बरोबर लागायचा.

आणखी एक. ॲनालॉग म्हणजे विष नव्हे. त्याला सरसकट 'नकली', 'जीवघेणं' म्हणणं चुकीचं आहे आणि त्यानं प्रश्न बिघडतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत त्याची व्याख्याच आहे. ज्या पदार्थात दुधाचा एखादा घटक काढून त्याच्या जागी, थोडा किंवा पूर्ण, दुधाबाहेरचा घटक घातलेला असतो आणि तयार पदार्थ दिसायला-चाखायला किंवा वापरायला दुधाच्या पदार्थासारखा असतो, तो ॲनालॉग. करायला बंदी नाही, विकायला बंदी नाही. अट एवढीच की तो दुधाचा म्हणून विकायचा नाही. तेलातल्या ट्रान्स फॅटवरही, म्हणजे हृदयाला अपायकारक स्निग्धांशावरही, जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अधिवेशनात कृत्रिम पनीरचा विषय गाजला. चर्चा झाली ते बरंच झालं, पण त्यानंतर बातम्यांत भेसळ आणि ॲनालॉग एकाच पोत्यात भरले गेले. धुण्याची पावडर घातलेलं दूध हा गुन्हा. पामतेलाचं चीज हा कायदेशीर माल. कायदेशीर माल दुसऱ्याच्या नावानं विकणं ही तिसरी गोष्ट. या तिन्हींत फरक केला नाही, तर आमच्या त्या मुलासारखा खोकं समोर ठेवणारा माणूस उगाच गुन्हेगार ठरतो आणि खरा भेसळखोर गर्दीत निसटतो.

आपल्या भाषेनं हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे. वनस्पती तूप आठवा. 'डालडा' १९३७ साली बाजारात आला आणि काही वर्षांत ते नावच त्या पदार्थाचं झालं. तेव्हाही भीती हीच होती, की हे तुपात मिसळतील, तूप म्हणून विकतील. गांधीजींनीही वनस्पतीविरुद्ध लिहिलं होतं. तिला रंग द्यावा का, यावर देशभर वाद झाला. शेवटी एक युक्ती पक्की झाली. वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे. का, तर तिळाच्या तेलावर आम्ल आणि फरफ्युरल नावाचं रसायन टाकलं की तांबडा रंग येतो. म्हणजे कुणी तुपात वनस्पती मिसळली तर परीक्षानळीत ती स्वतःच बोलून दाखवणार. त्या काळच्या सरकारला ही अक्कल होती, की स्वस्त पदार्थ बंद करायचा नाही, पण त्याच्या अंगावर खूण ठेवायची.

आणि भाषेनं काय केलं? 'तूप' हा शब्द तिनं वनस्पतीला फुकट दिला नाही. 'वनस्पती तूप' म्हटलं, 'डालडा' म्हटलं, आणि पलीकडे 'साजूक तूप', 'लोणकढं तूप' हे शब्द घट्ट धरून ठेवले. ज्याला साजूक परवडायचं नाही तो डालड्यात शिरा करायचा आणि पाहुण्याला सांगायचा, डालड्यातला आहे हो. यात कुणाचा अपमान नव्हता. आमच्या घरी दूध होतं तरी तूप विकलं जायचं आणि दिवाळीच्या करंज्या डालड्यात तळल्या जायच्या. त्या मी आवडीनं खाल्ल्या. मला माहीत होतं मी काय खातेय.

म्हणून माझी पहिली मागणी शब्दाची आहे. पाटीवर 'वनस्पती चीज' लिहा. 'ॲनालॉग' हा शब्द आमच्या गावात कुणाला कळत नाही. माझ्या भाचीला तो घड्याळाच्या धड्यातून माहीत होता. 'वनस्पती चीज' म्हटलं की आईला अर्थ सांगावा लागत नाही. त्या खोक्यातल्या मालात थोडे दुधाचे घनपदार्थ असतात हे खरं, पण स्निग्धांश तेलाचा आहे, आणि नाव स्निग्धांशावरून पडावं हे रास्त आहे.

आता हिशेबाकडे येते, कारण 'परवडत नाही' हा खरा मुद्दा आहे आणि त्याला नुसत्या तत्त्वानं उत्तर देता येत नाही. पिझ्झ्यावर घालायचं खरं दुधाचं चीज म्हणजे मोझरेला. एक किलो मोझरेला करायला गाईचं साधारण दहा लिटर दूध लागतं. छोट्या पिझ्झ्यावर त्या मुलाच्या मापानं ६० ग्रॅम चीज पडतं. म्हणजे एका पिझ्झ्यावर ६०० मिलिलिटर दूध. खरं मोझरेला त्याला ठोकात किलोला चारशेच्या घरात पडतं, ॲनालॉग त्याच्या निम्म्यात. ६० ग्रॅमला एकीकडे २४ रुपये, दुसरीकडे १२. फरक १२ रुपयांचा. मी त्याच्याच कॅल्क्युलेटरवर हा आकडा काढला तेव्हा तोही थोडा थांबला. भट्टीची वीज, भाडं, मैदा, पोराचा पगार, ऑनलाइन ऑर्डरवरचं कमिशन यांतून त्याच्या हातात पिझ्झ्यामागं फार उरत नाही, त्यामुळं १२ रुपये त्याला थोडे नाहीत, हे मी मानते. पण मग त्याच पाटीवर ९९ आणि ११५ असे दोन भाव का नसावेत? एक वनस्पती चीजचा, एक दुधाच्या चीजचा. ज्याला जो हवा तो घेईल. एक्स्ट्रा चीजचे तीस रुपये मोजणाऱ्या माणसाला आज तेल मिळतंय आणि तो समजतोय की आपण पोराला दूध खायला घातलं. मला सगळ्यात जास्त हे खुपतं. दाराबाहेर चपला काढणाऱ्या त्या बाईनं पोरासाठी एक्स्ट्रा चीज मागवलं होतं. "नीट खा, दुधाचं असतंय," असं ती त्याला सांगत होती.

दुसरी बाजू गोठ्यातली. भाऊ सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध घालतो. तिथं यंत्र आहे. चमचाभर दूध ओढून घेतं आणि चिठ्ठी बाहेर येते, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) किती. ३.५ आणि ८.५ हा पाया. त्याखाली पॉइंट गेला की भाव कापला जातो. पावसाळ्यात हिरवा चारा जास्त झाला, गाय आजारी पडली, कारण काहीही असो, चिठ्ठीवर दशांशात उतरतं आणि पैशात कापलं जातं. भावानं यावर कधी तक्रार केली नाही, कारण मोजमाप मोजमाप असतं. पण विचार करा. दूध पिकवणाऱ्याच्या लिटरमधला दशांश मोजायला गावोगावी यंत्रं बसवता येतात, आणि दुधाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या पदार्थात दूध आहे की नाही हे पाटीवर एका शब्दात लिहायला लावता येत नाही? एकाच साखळीच्या एका टोकाला इतका कडकपणा आणि दुसऱ्या टोकाला इतकी ढिलाई का?

गाईच्या दुधाचे दर पडले तेव्हा २०२४ मध्ये राज्य सरकारला लिटरमागं ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. दर पडतात तेव्हा जास्तीच्या दुधाची पावडर होते आणि पावडरचा भाव जगाच्या बाजारावर हलतो. चीज ही दूध जिरवण्याची चांगली जागा आहे. बारामतीला, मंचरला चीजचे मोठे कारखाने आहेत, म्हणजे ही कला आपल्याकडे परकी राहिलेली नाही. त्या मुलाच्या दुकानात दिवसाला सत्तर-ऐंशी पिझ्झे जातात. ऐंशी धरले तर पावणेपाच किलोच्या वर चीज, म्हणजे रोजचं अठ्ठेचाळीस लिटर दूध. चार-पाच संकरित गाईंचं दूध एका छोट्या दुकानात खपू शकतं. त्याच्या जागी आज जे खपतंय ते पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो. दूध उत्पादनात जगात पहिला असलेला देश पिझ्झ्यावर बाहेरचं तेल पसरतोय, आणि त्याला चीज म्हणतोय.

मोझरेला तर मूळची म्हशीच्या दुधाची. दक्षिण इटलीतल्या कंपानिया भागात आजही ती तशी होते आणि तिच्या 'मोझरेला दी बुफाला कांपाना' या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडे सोलापूर, सांगली, कोल्हापुरात तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस आहे. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर माणसं डोळ्यांसमोर काढलेलं धारोष्ण दूध पितात. ज्या लोकांना आपल्या पेल्यातलं दूध कोणत्या म्हशीचं हे बघून प्यायची सवय आहे, त्यांच्या राज्यात हा विषय इतका बिनबोभाट कसा चाललाय, याचं मला आश्चर्य वाटतं.

इटालियन म्हणवून घेणाऱ्या दुकानांनी इटलीकडून एक सवय उचलावी. तिथल्या हॉटेलांच्या मेनूत काही पदार्थांपुढं बारीक चांदणी असते आणि खाली लिहिलेलं असतं, चांदणी म्हणजे गोठवलेला माल. मासळी ताजी नाही, फ्रीजरमधली आहे, हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं. हे शिष्टाचार म्हणून चालत नाही. गोठवलेला माल मेनूत तसं न सांगता ठेवणं हा व्यापारातल्या फसवणुकीचा प्रयत्न आहे, असे निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं दिलेले आहेत. गोठवलेली मासळी खाऊन कुणी आजारी पडतं म्हणून नव्हे, गिऱ्हाईक एका मालाचे पैसे देतं आणि त्याला दुसरा मिळतो म्हणून. युरोपीय न्यायालयानंही जून २०१७ मध्ये सांगितलं की निव्वळ वनस्पतीजन्य पदार्थाला दूध, लोणी, चीज ही नावं लावून विकता येणार नाही.

दक्षिण इटलीतल्या गरीब घरांत किसलेलं चीज परवडायचं नाही. तिथल्या बायकांनी शिळा पाव चुरून तेलात खरपूस परतला आणि पास्त्यावर भुरभुरला. आजही सिसिलीत तो आवडीनं खातात. त्याला त्या पावाचा चुराच म्हणत राहिल्या. पिझ्झ्यांतही मारिनारा नावाचा जुना प्रकार आहे. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. चीज अजिबात नाही. नेपल्समध्ये तो मार्गरिटाच्या बरोबरीनं मानाचा आहे. आपल्या दुकानांत तो कुणी ठेवत नाही, कारण पाटीवर 'चीज' हा शब्द दिसल्याशिवाय गिऱ्हाईक येणार नाही अशी समजूत आहे. ठेचलेल्या लसणीची चव कळणाऱ्या आमच्या भागात तो सत्तर रुपयांत धावेल, अशी माझी खात्री आहे.

लोकांना फरक पडत नाही, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. लोकांना विचारलंय कुणी? माहिती दिल्यावरही त्यांनी ९९ चाच घेतला तर ती त्यांची निवड, आणि त्यात मला काहीही वावगं वाटणार नाही. ज्यांना दूध पचत नाही किंवा जे दूध खातच नाहीत त्यांनाही खोक्यात नेमकं काय आहे ते कळायला हवं, त्यात थोडं दूध असतं म्हणून तर जास्तच. दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी दुकानं असलेल्या साखळ्यांना जुलै २०२२ पासून मेनूवर उष्मांक लिहावे लागतात. आकडा काढायला खटपट करावी लागते, तरी ते लिहितात. चीज दुधाचं की वनस्पतीचं हे लिहायला खोकं वाचलं की झालं. अन्न व औषध प्रशासनानं जिल्ह्याजिल्ह्यांत धाडी घालण्याआधी हा एक शब्द पाटीवर लावून घ्यावा, आणि तो मराठीत, पदार्थाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. दूध संघांनीही यात उतरावं. दुधाला भाव मागताना रस्त्यावर दूध ओतण्यापेक्षा, आपल्या तालुक्यातल्या पिझ्झ्याच्या दुकानांना रास्त भावात मोझरेला पुरवण्याची बोलणी करता येतील. आमच्या संघाच्या संचालकांना मी हे भेटून सांगितलं आहे.

त्या मुलाकडे मी पुन्हा गेले होते. एका कागदावर दोन ओळी नीट अक्षरात लिहून दिल्या. 'वनस्पती चीज ९९, दुधाचं चीज ११५.' त्यानं वाचलं, घडी घालून गल्ल्यात ठेवलं. म्हणाला, "ताई, पटतंय. पण मी एकट्यानं लावलं तर लोक म्हणतील ह्याचंच नकली आहे, समोरच्याचं खरं. समोरच्यानं लावलं की त्याच दिवशी मी लावतो." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. रस्ता ओलांडून मी समोरच्या दुकानात गेले आणि तसाच दुसरा कागद त्यांनाही लिहून दिला.